हाताने वळलेल्या उंची सिगारीची चव कशी पारखावी?

गोदाकाठचा नवशिका

नमस्कार मंडळी,

माझे साडू दुबईला असतात. फेब्रुवारीत एका लग्नासाठी ते नाशिकला आले, तेव्हा पाच सिगारींची एक पेटी त्यांनी माझ्या हातात ठेवली. निकाराग्वामध्ये हाताने वळलेल्या या सिगारी 'रोबुस्तो' आकाराच्या, म्हणजे ५ इंच लांब आणि जाडीला ५० रिंगच्या (एक रिंग म्हणजे इंचाचा ६४वा भाग) आहेत. देताना त्यांनी एकच अट घातली. 'छान होती' एवढ्यावर बोळवण करायची नाही, कशी वाटली ते नीट लिहून कळवायचे. साडूंना स्वतःला या विषयातले बरेच कळत असल्यामुळे थापा मारण्याचीही सोय नाही.

पेटी मी कपड्यांच्या कपाटात ठेवली आणि विसरून गेलो. मे महिन्यात एका शनिवारी रात्री, जेवण उरकल्यावर, गच्चीवर बसून पहिली सिगार काढली. बोटांत धरताच ती वाळक्या पानासारखी चुरचुरली. कात्रीने टोक उडवले, देवापुढच्या काडेपेटीतल्या तीन काड्या खर्ची घालून ती पेटवली आणि साधारण पंचवीस मिनिटांत संपवली. आरंभी मिरीसारखे काहीतरी नाकात शिरले. मग एक बाजू भराभर जळत पुढे गेली, दुसरी जागची हलेना आणि वरच्या पानाला उभी चीर गेली. निम्म्यानंतर तर जिभेवर केवळ जळकट कडूपणा उरला. शेवटी घाम फुटला, डोके गरगरू लागले आणि मी कठड्याला टेकून बसलो. पत्नीने गुळाचा खडा आणून दिला, तेव्हा बरे वाटले. 'साडूंना कळवा, गूळ उत्तम होता,' हा तिचा अभिप्राय.

पेटीतल्या चिठ्ठीवर सीडरचे लाकूड, चामडे, कोको आणि काळी मिरी अशा चवी लिहिल्या आहेत. त्यांतली मिरी सोडता मला काही सापडले नाही. दोष सिगारीचा, माझा, की चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या कल्पनाशक्तीचा? चार सिगारी उरल्या आहेत. त्या कशा जपाव्यात, ओढताना कशाकडे लक्ष द्यावे आणि मत कसे मांडावे, हे जाणकारांनी सांगावे.

धूम्ररेषा

आपण जे वर्णन केले आहे त्यावरून आपण सिगार चाखलीच नाही, असे मला नम्रपणे म्हणावेसे वाटते. आपण नाशिकचा उन्हाळा चाखला. मार्च ते मे या काळात आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की कपाटात उघडी राहिलेली कोणतीही सिगार तीन महिन्यांत कडकडीत होते. सिगारीतल्या पानांत पुरेसा ओलावा हवा, आणि त्यासाठी ती ६५ ते ७० टक्के आर्द्रतेच्या व सुमारे १८ ते २१ अंश तापमानाच्या जागी ठेवायची असते. कोरडी सिगार भराभर आणि तापून जळते, पानातली सुगंधी तेले उडून जातात आणि मागे कडूपणा राहतो. चुरचुर, चीर आणि वाकडे जळणे ही तिन्ही लक्षणे त्या एकाच दुखण्याची आहेत.

तेव्हा चव पारखण्याचा विचार पुढे, आधी उरलेल्या चार वाचवा. महागड्या ह्युमिडोरची, म्हणजे सिगारी ओलसर ठेवणाऱ्या खास पेटीची, मुळीच गरज नाही. रबरी कड असलेला, झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा स्वच्छ डबा घ्या आणि त्यात आर्द्रता राखणारी ६५ टक्क्यांची पुडी व एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. मापकावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, कारण स्वस्त मापक पाच-सात टक्क्यांनी सहज चुकतात. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, त्यात पाण्याचे काही थेंब घालून ओल्या वाळूसारखे करा, आणि ते झाकण मापकासह हवाबंद पिशवीत एक दिवस ठेवा. ओल्या मिठामुळे बंद जागेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापकाने ७१ दाखवले, तर तो ४ ने कमी दाखवतो एवढे लक्षात ठेवले की झाले. घाईने ओल देऊ नका. आतली पाने फुगतात, बाहेरचे नाजूक पान ताणले जाते आणि फाटते. चार-पाच आठवडे धीर धरा. फ्रिजमध्ये ठेवू नका, तेथील हवा कोरडी असते आणि कालच्या भाजीचा वास फुकट मिळतो. डबा घरातल्या सर्वांत गार खोलीत, खालच्या कप्प्यात असू द्या, कारण उष्णता वाढली की तंबाखूच्या पानातली किड्याची अंडी उबतात आणि एके दिवशी सिगारीला सुईने टोचल्यासारखी भोके दिसतात.

आता पारखण्याकडे वळू. सिगारीचे तीन थर असतात. बाहेर दिसते ते रॅपर, त्याखाली आतल्या पानांना बांधून ठेवणारा बाइंडर, आणि गाभ्यात फिलर. हाताने वळलेल्या चांगल्या सिगारीत फिलरची पाने टोकापासून बुडापर्यंत (बूड म्हणजे पेटवायची बाजू) सलग असतात, स्वस्त सिगारीत मात्र तुकडे भरलेले असतात. फिलरची पाने झाडाच्या वेगवेगळ्या उंचीवरून येतात. शेंड्याकडचे जाड पान म्हणजे लिहेरो. त्याला ऊन भरपूर मिळालेले असल्याने ते तिखट असते आणि सावकाश जळते, म्हणून वळणारा ते मधोमध ठेवतो. मधले सेको सुगंध देते आणि खालचे वोलादो सिगार पेटती ठेवते. हे मिश्रण ज्या हाताने बसवले, तो हात आपल्याला ओढताना ओळखता यायला हवा.

पेटवण्यापूर्वीच निम्मी पारख होते. रॅपरच्या शिरा किती जाड आहेत, रंग एकसारखा आहे का, तोंडात धरायच्या टोकावरची पानाची टोपी नीट चिकटवली आहे का, हे उजेडात पाहा. मग रॅपर हुंगा आणि बूड हुंगा, कारण दोन्हींचे वास वेगळे असतात. बुडाला बहुधा कडब्याच्या गंजीसारखा, कधी गोठ्यासारखा वास येतो, आणि तो चांगला समजला जातो. नाकाला अमोनिया झोंबला तर पान पुरते मुरलेले नाही, ती सिगार आणखी काही महिने ठेवावी. नंतर टोपीचा केवळ शेंडा, फार तर दोन मिलिमीटर, धारदार कटरने कापा. कात्रीने टोक उडवले की टोपीखालचा जोड तुटतो आणि रॅपर उलगडू लागते, आपल्याकडे जे घडले त्यात याचाही वाटा असावा. कापल्यावर न पेटवता दोन-तीनदा हवा ओढून पाहा. पेल्यातली घट्ट लस्सी नळीने ओढावी तसे वाटले तर सिगार दाबून भरलेली आहे, आणि हवा रिकाम्या नळीतून यावी तशी आली तर ती पोकळ आहे.

पेटवताना ज्योत बुडाला टेकवू नये. ती किंचित खाली धरून सिगार फिरवत राहावी, कडा सगळीकडून सारखी लाल झाली की मग पहिला झुरका घ्यावा. काडी वापरायचीच असेल तर आधी तिचे गूल पूर्ण जळू द्या. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात घोळवून सोडायचा. झुरका साधारण मिनिटाला एक. आपण पंचवीस मिनिटांत संपवली त्या आकाराला पाऊण तास ते तास लागायला हवा. वेग वाढला की पेटते टोक तापते आणि साखरेचा पाक करपावा तशी चव करपते. चिठ्ठीवरचा कोको आपल्याला सापडला नाही, कारण आपण तो जाळून टाकला.

सिगारीचे मनाने तीन भाग करा आणि प्रत्येक भागानंतर दोन ओळी टिपून ठेवा. पहिला भाग बहुधा तिखट, मधला गोलसर आणि शेवटचा जड असतो. चव बदलत जाणे हे चांगल्या मिश्रणाचे लक्षण आहे. आठ-दहा झुरक्यांतून एकदा थोडासा धूर नाकावाटे सोडून पाहा. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू अशा मोजक्याच चवी कळतात, बाकी सारा बारकावा नाकाचा असतो. सवय नसेल तर अगदी थोडा सोडा, नाहीतर पुन्हा गूळ मागवावा लागेल.

लोक राखेच्या लांबीवरून आणि पांढरेपणावरून फार बोलतात. राख इंचभर टिकली तर आत सलग पाने आहेत एवढे कळते. पांढरी राख चवीबद्दल काहीही सांगत नाही, तिचा संबंध जमिनीतल्या क्षारांशी आहे. गडद रंगाचे रॅपर म्हणजे कडक सिगार, हाही असाच गैरसमज. गडद मादुरो रॅपर पुष्कळदा गोडसर असते. कडकपणा ठरतो तो आत लिहेरो किती भरले आहे यावर.

सिन्नरकर

धूम्ररेषा यांनी वळणाऱ्याच्या हाताचा उल्लेख केला म्हणून लिहितो. मी आयुष्यात सिगार एकदाच ओढली आहे, पण आमच्या घरात तंबाखूचा वास तीन पिढ्यांचा आहे. सिन्नरला माझी आजी आणि आई दोघी विड्या वळत. रात्री भिजवलेली टेंभुर्णीची पाने सकाळी पत्र्याच्या मापाने कापायची, मांडीवर सूप घ्यायचे आणि हजार विड्या पुऱ्या होईपर्यंत उठायचे नाही. आई दोरा बांधण्यापूर्वी प्रत्येक विडी अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये अर्धा वेढा फिरवून बघे. हे इतके झटपट चाले की कोणाला ते बघणे आहे हेही कळू नये. बोटांना गाठ लागली तर विडी ओढली जाणार नाही, पोकळ लागली तर भडकन जळून जाईल, आणि दोन्ही विड्या कारखान्यात छाटल्या जाऊन मजुरी बुडेल.

विडीतली तंबाखू उन्हात वाळवलेला चुरा असतो, तर सिगारीची पाने सावलीत, कोठारात टांगून वाळवतात आणि नंतर ढीग घालून महिनोन्‌महिने आंबवतात, त्यामुळे चवीची तुलना करण्यात अर्थ नाही. वळणीची तुलना मात्र करता येते. क्यूबात प्रत्येक पानाची बारीक नळी करून त्या नळ्या शेजारी शेजारी ठेवण्याची पद्धत आहे, जेणेकरून हवेला वाट मिळते. घाईचा कारागीर पाने पुस्तकासारखी एकावर एक घालून गुंडाळतो, मग एक बाजू भरगच्च आणि दुसरी विरळ होते. माझी सूचना एवढीच की पेटवण्यापूर्वी सिगार बुडापासून टोपीपर्यंत बोटांनी हलकेच दाबत जा आणि कोठे मऊ, कोठे कठीण लागते ते कागदावर लिहून ठेवा. जळताना ती जागा आली की काय होते ते पाहा. गुण देण्याच्या आधी ही एक परीक्षा डोळ्यांदेखत होऊन जाईल.

क्यूबातल्या सिगार कारखान्यांत कामगार वळत असताना त्यांना वर्तमानपत्रे आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवणारा माणूस नेमलेला असतो, आणि ही प्रथा एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे. आमच्या आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, 'आमच्याकडं ते काम सासूबाई करत.'

द्राक्षमळा

मी वाइनच्या क्षेत्रात काम करते आणि गंगापूर धरणाच्या बाजूला आलेल्या पाहुण्यांना चव कशी घ्यावी हे सांगणे हा माझ्या कामाचाच भाग आहे. सिगार मी फारशी ओढत नाही, पण धूम्ररेषा यांच्या एका मुद्द्याला पुरवणी जोडायची आहे. त्यांनी कोको सापडेल असे गृहीत धरले आहे. मला वाटते, चिठ्ठी आधी वाचणे हीच मूळ चूक आहे. शब्द डोक्यात बसले की जीभ तेच शोधत राहते, आणि सापडले नाहीत तर माणूस स्वतःला अडाणी समजतो. शेना ब्लाँ वाइन चाखताना आमच्याकडे येणारे पाहुणे 'ग्रीन ॲपल' म्हणतात, कारण बाटलीवर तसे छापलेले असते. पण निफाडच्या एका बागाईतदारांनी तीच वाइन चाखून 'तोडणीच्या आठ दिवस आधीचे द्राक्ष' असे सांगितले होते, आणि ते वर्णन मला कितीतरी अधिक नेमके वाटले.

तेव्हा आपल्या ओळखीच्या वासांची एक यादी आधी मनाशी उजळून घ्या. सुंठ, जायफळ, काकवी, भाजलेले शेंगदाणे, बेदाण्याच्या शेडमधला आंबटगोड वास, नव्या कोल्हापुरी चपलेचे चामडे, पहिल्या पावसातली माती. 'सीडर'चेच पाहा. सिगारीच्या पेट्या ज्या लाकडाच्या करतात ते 'स्पॅनिश सीडर' देवदार नव्हेच, ते महोगनीच्या कुळातले झाड आहे, आणि आपला तून व कडुनिंबही त्याच कुळातले. ज्याने देवदाराचा वास मनात धरून शोध घेतला, त्याला तो कसा सापडणार?

गुणांबद्दलही थोडे. अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध सिगार मासिकात १०० पैकी गुण देतात. रूप आणि बांधणीला १५, चवीला २५, ओढण्याच्या अनुभवाला २५ आणि एकूण छापेला ३५. सिगारीवरची कागदी पट्टी काढून, नाव न कळू देता ही पारख होते. नाव झाकण्याची पद्धत मला पूर्ण मान्य आहे, पण 'एकूण छापे'ला सर्वांत जास्त गुण म्हणजे शेवटी आवडनिवडच झाली. आपण आकड्यांच्या मागे लागू नका. दोष आणि नावड वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. वाकडी जळाली हा दोष, फार तिखट लागली ही नावड. ज्या दिवशी मिसळ खाल्ली असेल त्या दिवशी सिगार पारखायला बसू नये, आणि सोबत साधे पाणी असावे. वाइन नको. हे मी सांगते आहे, यावरूनच काय ते समजा.

दात आणि दाढा

चर्चा रंगली आहे, तीत विघ्न आणत नाही, पण व्यवसायाने दंतवैद्य असल्याने दोन वाक्ये लिहिणे भाग आहे. धूर छातीत घेतला नाही म्हणजे निकोटीन अंगात जात नाही, हे खरे नाही. सिगारीचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे त्यातले निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच शोषले जाते, आणि धागाकर्त्यांना घाम फुटला तो त्यामुळेच. तोंड, घसा आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका सिगार ओढणाऱ्यालाही असतो. हाताने वळलेली, महाग किंवा कृत्रिम सुगंध नसलेली सिगार त्याला अपवाद नाही. चार उरल्या आहेत, त्या चारच राहू द्याव्यात.

गोदाकाठचा नवशिका

सर्वांचे आभार. दंतवैद्य साहेबांचे म्हणणे मान्य आहे, पेटी संपल्यावर नवी मागवण्याचा विचार नाही.

डबा, पुडी आणि मापक आणले. मिठाच्या परीक्षेत मापकाने ६९ दाखवले, म्हणजे तो ६ ने कमी दाखवतो हे कळले. पाच आठवडे झाकण उघडले नाही. मध्यंतरी पाऊस सुरू झाला आणि बाहेरची हवा ओलीचिंब झाली, तरी डब्यातला आकडा दुरुस्तीसह ६५-६६ च्या पलीकडे गेला नाही.

काल रात्री दुसरी सिगार काढली. चिठ्ठी पत्नीकडे दिली होती. या वेळी दाबल्यावर चुरचुर नव्हती, पान बोटाखाली किंचित दबून पुन्हा वर येत होते. सिन्नरकरांच्या सांगण्याप्रमाणे बुडापासून बोटे फिरवत गेलो, तेव्हा कागदी पट्टी जिथे चिकटवली आहे त्या शिवणीच्या रेषेत, बुडापासून सुमारे दीड इंचावर, डाळीच्या दाण्याएवढी मऊ जागा लागली. ती वहीत लिहून ठेवली. कटर नव्हता, म्हणून नव्या ब्लेडने टोपीचा शेंडा काढला. घड्याळ समोर ठेवून ओढली आणि पंचावन्न मिनिटे पुरली.

साडूंना जे लिहिले ते येथे उतरवतो. 'बुडाला कडब्याचा वास. न पेटवता ओढताना बेदाण्यासारखी गोडी. पहिल्या भागात मिरी, ती जिभेपेक्षा नाकात जास्त. मधल्या भागात मिरी मागे पडली आणि भाजलेले शेंगदाणे, सालासकट, असा वास आला, त्यामागे थोडी काकवी. हा भाग सर्वांत आवडला. शेवटच्या भागात सुंठ आणि कडूपणा, दीड इंच उरल्यावर थांबलो. दोष: ओढायला किंचित घट्ट. नावड: शेवटचा जडपणा. चामडे सापडले नाही.'

साडूंचे उत्तर आले की शेंगदाणे त्यांनाही लागतात, पण सुंठेच्या जागी त्यांना कॉफी लागते, आणि ब्लेडचा नाद सोडावा, ते कटर पाठवत आहेत. चिठ्ठी अजून पत्नीकडेच आहे.

सिन्नरकर, आपल्या आईंना एक सांगा. राख दीड इंचावर आली तेव्हा जळण्याची रेघ शिवणीच्या बाजूने खाली घसरली, नेमकी वहीत लिहिलेल्या जागी. तीन-चार झुरके ती बाजू पुढे पळाली आणि मऊ जागा जळून गेल्यावर रेघ आपोआप सरळ झाली.